कॅलिबर: मराठी ई-पुस्तकांचा पसारा आवरायचाय त्यांच्यासाठी सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्याकडे हजार-दोन हजारच्या वर ई-पुस्तकं साठलीयेत आणि त्यातली बरीचशी मराठी आहेत, त्यांनी सरळ कॅलिबर हा ती सांभाळायचा कॉम्प्युटर प्रोग्राम डाउनलोड करा. फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, आणि पसारा आवरायच्या कामात याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो मराठीपायी. मराठी पुस्तकं ते नीट सांभाळतं, पण त्याआधी चार-पाच गोष्टी आपणच त्याला सांगाव्या लागतात, आणि त्या एका ठिकाणी मराठीत लिहिलेल्या मला कुठे दिसल्या नाहीत, म्हणून इथे सगळं लिहितेय.

आधी पसारा कसला होता ते सांगते, कारण बहुतेकांचा तसाच असणार. चार हजारांच्या वर फायली. त्यात ई साहित्य प्रतिष्ठानच्या मोफत पीडीएफ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरून उतरवलेले जाडजूड ग्रंथ, इंटरनेट आर्काइव्हवरचे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या साइटवरची इंग्रजी ईपब (अक्षर लहान-मोठं करता येतं तो ई-पुस्तकाचा फॉरमॅट), मुलांसाठी बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, दिवाळी अंक, बाबांची स्तोत्रं आणि आरत्या, किंडलवर विकत घेतलेली पुस्तकं, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपांवरून आलेल्या फायली, ज्यांची नावं डॉक, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे एवढीच असतात, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. तीच फाइल डाउनलोड्समध्ये, तीच जुन्या फोनच्या बॅकअपमध्ये, तीच पेनड्राइव्हवर, तीच गुगल ड्राइव्हवर. वाचायला बसलं की हवं ते पुस्तक सापडायचंच नाही, मग तेच परत कुणाकडून तरी मागवायचं आणि अजून एक कॉपी वाढायची.

कॅलिबरबद्दल थोडंसं. कोविद गोयल यांनी हे 31 ऑक्टोबर 2006 ला सुरू केलं. सोनीचा पीआरएस-500 हा ई-पुस्तकं वाचायचा रीडर तेव्हा नुकता आला होता, त्याला लिनक्सवरून पुस्तकं पाठवायची सोय नव्हती, ते स्वतः तेव्हा विद्यार्थी होते, त्यांनी यूएसबीवरून तो रीडर काय बोलतो ते शोधून काढलं आणि लिबपीआरएस500 नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. 2008 मध्ये त्याचं नाव कॅलिबर झालं. आजही ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, जीपीएल तीन लायसन्स आहे, आणि इतक्या वर्षांत फुकटचं विकाऊ झालेलं नाही, याबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

आता पहिली गोष्ट, जिच्यावरून बरेच जण वैतागून कॅलिबर काढून टाकतात. तुम्ही त्यात पुस्तक टाकलं की ते तुमची मूळ फाइल तिथेच ठेवतं आणि स्वतःच्या लायब्ररी फोल्डरमध्ये एक कॉपी करतं, लेखकाच्या नावाचं फोल्डर, त्यात पुस्तकाच्या नावाचं फोल्डर. म्हणजे सुरुवातीला डिस्कवर दुप्पट जागा लागते हे धरून चाला, आणि मराठी नावांच्या बाबतीत ही फोल्डरं इंग्रजी अक्षरांत बनतात, तेही ओळखू येईल न येईल अशा स्पेलिंगात. ते बघून लोक फोल्डरात जाऊन स्वतः नावं बदलायला लागतात. ते अजिबात करू नका. कॅलिबर सगळा हिशोब मेटाडेटा डॉट डीबी नावाच्या एका डेटाबेस फायलीत ठेवतं, तुम्ही बाहेरून फोल्डर हलवलं की त्याला पुस्तक सापडत नाही. ते फोल्डर आपल्यासाठी नाहीच, आपण फक्त प्रोग्रामच्या खिडकीतून बघायचं आणि तिथे मराठी मराठीतच दिसतं. कुणाला पुस्तकं बाहेर काढून द्यायची असतील तर सेव्ह टू डिस्क आहे, त्याच्या सेटिंगमध्ये इंग्रजी अक्षरं करण्याचा टिक काढला की फायलीचं नाव छान देवनागरीत येतं. आणि ही लायब्ररी नेटवर्क ड्राइव्हवर किंवा दोन कॉम्प्युटरवर सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका, साधी लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा, बॅकअप वेगळा घ्या.

सगळ्या फायली आत टाकल्या की हात शिवशिवतो, वाटतं आता भराभर डिलीट करू. माझं ठाम मत आहे की डिलीट सगळ्यात शेवटी. आधी जशाच्या तशा जुळ्या फायली काढा, मग नावं नीट करा, मग उरलेली जुळी काढा, आणि मगच कोणतं ठेवायचं कोणतं नाही हे ठरवा. कारण जोवर समोर डॉक-तारीख-डब्ल्यूए असं नाव आहे तोवर तुम्ही ठरवणार कशाच्या जोरावर, एक तर घाबरून सगळं ठेवाल नाहीतर कंटाळून कामाचं उडवाल. लेखक, नाव, कुठून आलं, किती पानं, एवढं समोर दिसलं की निर्णय दोन सेकंदांत होतो. कॅलिबरची खरी कमाल इथे आहे. डिलीट बटण सगळ्याच प्रोग्रामांत असतं.

जशाच्या तशा जुळ्यांसाठी फाइंड डुप्लिकेट्स नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतं. प्रेफरन्सेसमध्ये प्लगइन्समध्ये गेट न्यू प्लगइन्स असं आहे, तिथून घ्यायचं आणि प्रोग्राम परत सुरू करायचा. त्यात बायनरी कम्पेअर नावाची पद्धत आहे, ती नावाकडे बघतच नाही, फायलीच्या आतला मजकूर बाइट न् बाइट तोच आहे का ते बघते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून आलेली फाइल कितीही वेळा फॉरवर्ड झाली तरी आतून तीच राहते, फोटोसारखी दाबली जात नाही, त्यामुळे चार ग्रुपवरून चार नावांनी आलेलं एकच पुस्तक या पद्धतीत बरोबर एकत्र सापडतं. माझ्या पसाऱ्यातला मोठा हिस्सा या एका पायरीत गेला आणि एकाही फायलीचं नाव लिहावं लागलं नाही.

आता नावं. इथे मराठीवाल्यांनी नीट लक्ष द्या.

कॅलिबर प्रत्येक लेखकासाठी दोन गोष्टी ठेवतं, एक दिसायचं नाव आणि एक क्रमाने लावायचं नाव. अ. ब. कुलकर्णी असं लिहिलं की क्रमासाठी ते आपोआप कुलकर्णी, अ. ब. असं करतं, शेवटचा शब्द पुढे आणतं. हे मराठी नावांना सोयीचंच आहे कारण आपलंही आडनाव शेवटी असतं. पण शब्द कुठे तुटतो हे ते मोकळ्या जागेवरून ठरवतं. आपल्याकडे अर्धे लोक अ.ब.कुलकर्णी असं सलग लिहितात, मधे स्पेस नाही, मग कॅलिबरला तो एकच शब्द वाटतो आणि तो लेखक क च्या ऐवजी अ मध्ये जाऊन बसतो, शिवाय स्पेसवालं आणि बिनस्पेसचं असे एकाच माणसाचे दोन लेखक तयार होतात. पूर्ण नावाने लिहिलेला तिसरा आणि इंग्रजीत लिहिलेला चौथा. डाव्या बाजूच्या टॅग ब्राउझरमध्ये लेखकांची यादी उघडा, चुकीच्या नावावर राइट क्लिक करून रीनेम करा आणि बरोबर असलेल्या नावासारखंच अक्षरन्अक्षर लिहा, दोन्ही आपोआप एक होतात आणि सगळी पुस्तकं एका नावाखाली येतात. हे मला इतकं आवडलं की एका रविवारी मी दुसरं काहीच केलं नाही.

मग डॉ., प्रा., ॲड. वगैरे. कॅलिबरला मिस्टर, डॉक्टर, प्रोफेसर ही इंग्रजी संबोधनं माहीत आहेत, क्रम लावताना ती बाजूला ठेवतं. मराठी संबोधनं त्याला माहीत नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये ट्वीक्स म्हणून भाग आहे, त्यात ऑथर नेम प्रीफिक्सेसची यादी आहे, तिथे डॉ, प्रा, ॲड, श्री, संत, ह.भ.प. जे हवं ते कोट्समध्ये घाला, टिंबाची काळजी नको, टिंबासकट आणि टिंबाशिवाय दोन्ही ते ओळखतं. शेजारीच सफिक्सेसची यादी आहे, तिच्यात महाराज घाला. ते नाही घातलं तर अमुक महाराज, तमुक महाराज हे सगळे म च्या खाली महाराज, अमुक आणि महाराज, तमुक असे एका रांगेत उभे राहतात, बाबांना त्यांच्या पोथ्या सापडेनात ते याच कारणाने. बदल केल्यावर प्रोग्राम बंद करून उघडा, मॅनेज ऑथर्समध्ये जाऊन सगळ्यांचं क्रमाचं नाव परत काढायचं बटण आहे ते दाबा. टोपणनाव लावणाऱ्या कवींचं तेवढं हाताने बघा.

अजून एक भानगड आहे जी डोळ्यांना दिसत नाही. गोऱ्हे, कऱ्हाडे, बोऱ्हाडे अशी आडनावं कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतीने टाइप होतात, एकात टिंबवाला वेगळा ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. कॅलिबरच्या यादीत मात्र तोच लेखक दोनदा येतो आणि आपण डोळे चोळत बसतो की फरक काय. ॲ चं पण तेच, तो एक अख्खं अक्षर म्हणून पण लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊन पण. यावर उपाय तोच, एकाचं नाव कॉपी करून दुसऱ्याच्या रीनेममध्ये पेस्ट करायचं, टाइप करत बसायचं नाही. हजारभर पुस्तकांत असे दहा-बारा लेखक तरी निघतातच.

पुस्तकांच्या नावाला चिकटलेला कचरा, म्हणजे साइटचं नाव, कुणी स्कॅन केलं त्याचं नाव, फायनल, कॉपी, कंसातले आकडे, हा काढायला बल्क एडिटमध्ये सर्च अँड रिप्लेस आहे, एकदम शेकडो पुस्तकांवर चालतं. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा लिहून शोधायची पद्धत, येत असेल तर फारच भारी. पण तिथे स्पष्ट सूचना लिहिलेली असते की हे परत फिरवता येत नाही, ती गंभीरपणे घ्या. आधी लायब्ररीचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, मगच हात लावा.

नेटवरून माहिती आणि मुखपृष्ठ आपोआप भरायची सोय आहे, इंग्रजी पुस्तकांना ती अप्रतिम चालते, दहा मिनिटांत शंभर पुस्तकं नटून तयार. मराठीला ती फारशी उपयोगी नाही, बरेचदा काही मिळत नाही आणि मिळालं तर भलत्याच पुस्तकाचं मिळू शकतं, त्यामुळे मराठीवर ती सरसकट चालवू नका. मराठीचं हातानेच करा. पीडीएफचं पहिलं पान मुखपृष्ठ म्हणून घेता येतं, तेवढं पुरतं.

आता जुन्या फॉन्टच्या पीडीएफ. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच राहील अशी अक्षरांची ठरलेली पद्धत, सगळीकडे रुळायच्या आधी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांत टाइपसेट झालेली पुष्कळ मराठी पुस्तकं आणि अंक पीडीएफ होऊन फिरतात. वाचायला एकदम स्वच्छ, पण आतला मजकूर खरा मराठी नाहीच, त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते, त्यामुळे एक ओळ कॉपी करून बाहेर पेस्ट केलीत तर निव्वळ चिन्हांचा गोंधळ येतो. कॅलिबरमध्ये टाकताना कधीकधी पुस्तकाचं नावसुद्धा त्याच गोंधळात येतं. अशी पीडीएफ ईपब करायला दिली की अख्खं पुस्तक त्या गोंधळाचं होतं. यात कॅलिबरची काही चूक नाही, आत मराठी असेल तरच ते मराठी देणार. युनिकोडमधून बनलेल्या पीडीएफचं पण रूपांतर बरेचदा बिघडतं, पहिली वेलांटी अक्षर सोडून दुसरीकडे पळते, जोडाक्षरं फुटतात, ओळी वाक्याच्या मधेच तुटतात. आणि स्कॅन म्हणजे तर नुसते फोटो, त्यात मजकूरच नाही आणि कॅलिबर स्वतः ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करत नाही. म्हणून माझा सल्ला, मराठी पीडीएफ ईपबमध्ये बदलायचा नाद सोडा, पीडीएफ म्हणूनच ठेवा आणि टॅबवर वाचा. मी तीन टॅग केलेत, युनिकोड, जुना फॉन्ट, स्कॅन, आणि प्रत्येक मराठी पीडीएफला त्यातला एक दिलाय. पुढे कधी चांगलं मराठी ओसीआर हाताशी आलं तर कोणत्या फायली आधी घ्यायच्या ते एका क्लिकवर समोर येईल.

ज्यांना मराठी ईपबच हवीये त्यांनी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड साइटवर जा, तिथलं मराठी पुस्तक थेट ईपबमध्ये उतरवता येतं, खरा युनिकोड मजकूर असतो, कॅलिबरमधून रीडरवर पाठवलं की अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांचे धूसर स्कॅन माझ्याकडे होते, त्यातल्या ज्यांची विकिस्रोतवर स्वच्छ प्रत मिळाली ते स्कॅन मी खुशाल काढून टाकले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे 1964 पर्यंत गेलेल्या लेखकांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 2025 पासून सगळ्यांना मोकळं आहे, हा आकडा लक्षात ठेवला तर कोणतं पुस्तक बिनधास्त ठेवायचं हे ठरवायला मदत होते.

नावं नीट झाली की फाइंड डुप्लिकेट्स परत चालवायचं, या वेळी नाव आणि लेखक जुळवून. त्यात आयडेंटिकल, सिमिलर, साउंडेक्स, फझी अशा पायऱ्या आहेत. साउंडेक्स ही इंग्रजी उच्चारांसाठी अमेरिकेत बनलेली पद्धत आहे, तिचं पेटंट 1918 चं, मराठी नावांसाठी तिच्यावर विसंबू नका, पहिल्या दोन वापरा. एकाच पुस्तकाचे दोन वेगळे स्कॅन समोर आले तर लगेच मर्ज दाबू नका, कारण मर्ज करताना जे पुस्तक आधी निवडलं त्याची पीडीएफ राहते आणि दुसऱ्याची जाते. आधी काउंट पेजेस नावाचं प्लगइन चालवून पानं मोजा. मराठी स्कॅनमध्ये पानं गळलेली असणं नेहमीचंच आहे, एकात 212 आणि दुसऱ्यात 196 पानं दिसली की कोणतं ठेवायचं ते उघड आहे, आणि फायलीच्या आकारावर गेलात तर फसाल कारण जड फाइल म्हणजे पूर्ण फाइल असं काही नसतं. वेगवेगळ्या आवृत्त्या असतील आणि दोन्ही हव्या असतील तर त्या जोडीला सूट द्यायची सोय आहे, परत ती यादीत येत नाही.

इतकं झाल्यावर मी एक कॉलम बनवला, आणि या रिव्ह्यूतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. कॅलिबरमध्ये आपले स्वतःचे कॉलम करता येतात. मी त्याचं नाव ठेवलं, कुठून आलं. त्यात ठरलेले चारच पर्याय, विकत, मोफत अधिकृत, हक्क संपलेलं, फॉरवर्ड. एकेका पुस्तकाला भरत बसायचं नाही, प्रकाशकावरून किंवा टॅगवरून सर्च करायचं, सगळी निवडायची आणि एकदम भरायचं. ई साहित्य किंवा साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं लगेच ओळखू येतात. उरलेलं जवळजवळ सगळं फॉरवर्ड.

आणि फॉरवर्डमध्ये काय निघतं ते बघून पोटात तुटतं. आज हयात असलेल्या लेखकांची, आज दुकानात मिळणारी पुस्तकं, कुणीतरी घरी बसून पान न् पान मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केलेली. मराठीत एका पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींच्या घरात असते, त्यात शेकडो मेंबर असलेल्या ग्रुपवर एक पीडीएफ पडली की त्या लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या हातात काय राहणार? लोक म्हणतात वाचनसंस्कृती वाढते. ज्या भाषेत पुस्तक काढणाऱ्याचा कागदाचा खर्चही निघणं कठीण आहे तिथे हे बोलणं मला पटत नाही. मी अशा सगळ्या फायली काढल्या.

पण नुसत्या उडवल्या नाहीत, आणि इथे कॅलिबरने मला वाट दाखवली. त्यात पुस्तकाची नोंद ठेवून फक्त आतली फाइल काढता येते. रिमूव्ह बुक्सच्या मेनूमध्ये निवडलेल्या पुस्तकांचे सगळे फॉरमॅट काढा असा पर्याय आहे. फाइल जाते, पण नाव, लेखक, मुखपृष्ठ, टॅग सगळं राहतं. मग ज्यांच्यात एकही फॉरमॅट नाही अशी पुस्तकं दाखव असा सर्च मी सेव्ह करून ठेवला, आणि ती झाली माझी वाचायच्या पुस्तकांची यादी. क्रिएट कॅटलॉगमधून ती सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, म्हणून काढता येते, मी फोनमध्ये ठेवलीये. मी नाशिकची, सावानाची म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची मेंबर, 1840 सालचं वाचनालय आहे आमचं, तिथे गेलं की यादी उघडायची आणि आहे का विचारायचं. बरीच मिळतात. जी मिळत नाहीत ती महिन्याला एक-दोन विकत घेते. फायलींचा ढीग होता तोवर त्यातलं एकही पुस्तक वाचून होत नव्हतं, आता यादी हळूहळू कमी होतेय याचा फार आनंद आहे.

राहिलेल्यांत पण निवड करावी लागतेच. मोठ्या फायली आधी बघा, आकारावर सर्च करता येतो, पन्नास एमबीच्या वरच्या सगळ्या समोर आणा. माझ्याकडे निघाली जुन्या परीक्षांची गाइडं, संपलेल्या कोर्सच्या नोट्स, एका जुन्या फ्रिजचं मॅन्युअल, तारखा उलटून गेलेले राशिभविष्याचे अंक. ही विचार न करता जातात. दिवाळी अंक मात्र मी ठेवलेत, त्यांना वर्षाचा टॅग देऊन वेगळी व्हर्च्युअल लायब्ररी केली, म्हणजे रोजच्या यादीत ते दिसत नाहीत पण हवे तेव्हा सगळे एकत्र येतात. बाबांसाठी पण अशीच एक केलीये. डिलीट केलेलं पुस्तक नवीन व्हर्जनमध्ये काही दिवस कॅलिबरच्या स्वतःच्या कचरापेटीत राहतं, त्यामुळे जिवाला घोर नाही.

विकतच्या पुस्तकांचं तेवढं वेगळं आहे. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 पासून मिळतात पण त्यातल्या बहुतेकांना कॉपी होऊ नये म्हणून डिजिटल कुलूप असतं, कॅलिबर ती कुलपं उघडत नाही, फार तर यादीत नोंद ठेवता येते. ॲमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायचा पर्यायही बंद केला. काही मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तकं फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. अशा पुस्तकांची मी फाइल नसलेली नोंद केली, विकत हा पर्याय भरला आणि कोणत्या ॲपमध्ये आहे ते टॅगमध्ये लिहिलं, म्हणजे घेतलेलंच पुस्तक पुन्हा घ्यायला नको. बिनकुलपाची ईपब किंडलवर न्यायला काही त्रास नाही, केबलने कॅलिबरच हवा तो फॉरमॅट करून टाकतं.

2022 मध्ये सहावं व्हर्जन आलं त्यात सगळ्या पुस्तकांच्या आत शोधायची सोय आली. पहिल्यांदा चालू केली की इंडेक्स करायला खूप वेळ लागतो, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवा. युनिकोड पुस्तकांत मराठी शब्द सापडतात, जुना फॉन्ट आणि स्कॅन यांत अर्थातच नाही. आणि कंटेंट सर्व्हर, घरच्या वायफायवर लॅपटॉपवरची लायब्ररी बाबा त्यांच्या टॅबच्या ब्राउझरमध्ये उघडतात, ॲप काही लागत नाही, वयस्कर माणसांसाठी हे फार सोयीचं पडतं.

कमी काय आहे तेही सांगते. दिसायला जुनाट आहे, वर बटणांची गर्दी, पहिल्यांदा उघडणारा माणूस बावरतो. फोनसाठी त्यांचं स्वतःचं ॲप नाही. अपडेट सारखे येतात आणि विंडोजवर दर वेळी अख्खा इन्स्टॉलर उतरवावा लागतो, मी दोन-तीन महिन्यांतून एकदाच करते, काही अडत नाही. ट्वीक्सची खिडकी प्रोग्रामरच्या डोक्याने बनवलीये, कोट्स आणि स्वल्पविराम जागेवर हवेत, घरात कुणी कॉम्प्युटर शिकलेलं असेल तर तेवढ्यापुरतं शेजारी बसवा.

लॅपटॉप जुना असेल तर डाउनलोड करायच्या आधी एक बघून घ्या. सहाव्या व्हर्जनपासून 32 बिटचं विंडोज चालत नाही, तशा मशीनवर 5.44 हे जुनं व्हर्जन घालावं लागतं, त्यात आतलं शोधायची सोय नाही पण मी वर सांगितलेलं नावांचं, कॉलमचं, फाइल काढून नोंद ठेवायचं सगळं काम त्यातही होतं. आणि ज्यांना याचा उपयोग झाला त्यांनी साइटवर डोनेटचं बटण आहे तिथे जमेल तेवढे पैसे जरूर द्या, मी दिलेत.